सावोवोची चढण

झिचाचा लाल मठ झाला, माग्लिचचा सात बुरुजांचा किल्ला झाला, उश्चेचा पूलही मागे पडला. सर्बियातल्या क्राल्येवोपासून स्तुदेनित्साच्या मठाकडे, इबार नदीच्या काठानं, प्रवाहाच्या उलट दिशेनं आम्ही चालत होतो. ते दिवस आता एकमेकांत मिसळून गेलेत. डावी-उजवीकडे कडे, खाली नदी आणि रस्त्यावर मालट्रक. ट्रक अंगाजवळून गेला की पोटात गोळा यायचा. फलटण-बरडच्या वाटेवर लाखोंची गर्दी असली तरी रस्ता माउलींचा असतो. इथे आम्ही वीस-पंचवीस माणसं, एकामागे एक, पांढऱ्या पट्ट्याच्या आत अंग चोरून.

आणि सगळे गप्प. त्याचाच मला सगळ्यात जास्त त्रास झाला. टाळ नाही, मृदंग नाही, मागून विणेकरी नाही. पुढचे एक आजोबा लोकरीच्या गाठींची माळ ओढत ओठातल्या ओठात काही म्हणत होते, तेवढंच. लयीशिवाय माझे पाय पडेनात. मी मनात ज्ञानोबा-तुकाराम धरलं. बेलग्रेडची आमची शेजारीण, जिच्या आग्रहानं मी आले होते, तिला ओठ हललेले दिसले असावेत. म्हणाली, मोठ्यानं म्हण की. म्हटलं. कुणी वळून पाहिलं नाही. पण आजोबांनी पावलं माझ्या ठेक्यावर टाकायला सुरुवात केली, आणि त्या घाटात, परक्या देशात, मला एकदम रडू आलं.

स्तुदेनित्साला पोचलो. १२व्या शतकाच्या अखेरीस सर्बियाचा राज्यकर्ता स्तेफान नेमान्यानं बांधलेलं पांढऱ्या संगमरवराचं देऊळ, आत १२०८-०९ सालचं निळ्या पार्श्वभूमीवरचं क्रूसाचं चित्र, शेजारी राजा मिलुतिननं १३१४मध्ये बांधलेलं छोटं देऊळ. डोक्यावर ओढणी घेतली, मेणबत्ती लावली, बाहेर आले. २८ ऑगस्टला मरियेचा मोठा सण, त्याआधी दोन आठवडे उपास. मांस नाही, दूधदुभतं नाही. आमच्या एकादशीची सवय असल्यानं जड गेलं नाही.

सणाच्या आदल्या दिवशी वरच्या गुहेला जायचं ठरलं. अकरा-बारा किलोमीटर, त्यातली शेवटची पायवाट सावोवो गावातून.

ही गुहा संत सावाची. नेमान्याचा धाकटा मुलगा, मूळ नाव रास्त्को. ऐन तरुणपणी राजवाडा सोडून ग्रीसमधल्या आथोसच्या डोंगरावर जाऊन साधू झाला. बापानंही १२व्या शतकाच्या शेवटी राज्य सोडून दीक्षा घेतली आणि ११९९ साली आथोसवरच देह ठेवला. सावानं त्याच्या अस्थी स्तुदेनित्साला आणल्या आणि राज्यासाठी भांडणाऱ्या दोघा भावांचा त्यांच्यासमोर समेट घडवला. पुढे १२१९मध्ये तो सर्बियन चर्चचा पहिला आर्चबिशप झाला. मठाचा कारभार हाकत असतानाही त्याला एकांत हवा असायचा, तेव्हा तो या कड्यात येऊन राहायचा. १२३६ साली तो गेला, म्हणजे माउलींच्या जन्माआधी जवळजवळ चाळीस वर्षं. १५९४मध्ये तुर्कांनी त्याच्या अस्थी बेलग्रेडला जाळल्या. कडा मात्र कुणाला जाळता आला नाही, असं शेजारीण म्हणाली, आणि ते तिच्या तोंडून ऐकताना मला त्या चढाचं पहिल्यांदा प्रेम वाटलं.

ते फार टिकलं नाही. डाव्या टाचेचा फोड दुपारी फुटला. ऊन रणरणत होतं, आणि आमचा म्होरक्या दर वळणावर घड्याळ दाखवायचा. मला त्याचा मनस्वी राग आला. देवाकडे निघालेल्या माणसाला कसली घाई! सावोवो म्हणजे एका जागी वसलेलं गाव नाही. एका उतारावर दोन घरं, ओढ्यापलीकडे तीन, वर कुरणाच्या टोकाला एक, कोकणातल्या वाड्यांसारखंच. मध्ये अलुबुखाराच्या बागा, बटाट्याची वावरं, गवताच्या गंजी. पहिलं घर आलं तेव्हा मी कुंपणाला धरून उभी राहिले. बाकीचे पुढे गेले.

काळा रुमाल बांधलेली एक आजी बाहेर आली. तिनं आधी माझ्या पायाकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "बस, बाळा." बाकावर बसवलं, स्वतः खाली बसून माझा बूट काढला. मला संकोचानं मेल्यासारखं झालं. ऐंशीच्या पुढची बाई, माझे पाय हातात घेऊन बसलेली. "आजी, नको," म्हटलं तर तिनं हातावर चापट मारली. थंड पाण्यानं टाच धुतली. खिडकीत काचेची बरणी होती, आत लालभडक तेल आणि तळाशी बसलेली फुलं. कांतारिओनची पिवळी फुलं उन्हाळ्यात खुडून तेलात घालतात आणि उन्हात ठेवतात. चाळीसेक दिवसांत तेल लाल होतं. तिनं ते बोटानं हलकेच लावलं, अंगणातलं बोकवित्साचं रुंद पान धुऊन त्यावर ठेवलं आणि जुन्या उशीच्या अभ्र्याची चिंधी फाडून बांधली.

मग तबक आलं. गार पाण्याचा पेला आणि वाटीत पाकातले अलुबुखार. एक चमचा तोंडात, वर पाणी. पाहुण्याचं स्वागत असंच करतात.

तिच्या सासरचे मूळ पुरुष मेंढरं घेऊन मॉन्टेनेग्रोच्या बाजूनं आले, असं ती म्हणाली. या भागाची गोष्टच तशी आहे. १६९०च्या मोठ्या स्थलांतरात पॅट्रिआर्क, म्हणजे सर्बियन चर्चचा प्रमुख धर्मगुरू, आर्सेनिये याच्यामागून हजारो कुटुंबं तुर्कांच्या भीतीनं उत्तरेला गेली, स्तुदेनित्साचे साधूही मठ सोडून गेले. रिकाम्या डोंगरात मग दक्षिणेकडची माणसं येऊन राहिली. आता पुन्हा डोंगर रिकामा होतोय. तिचा एक मुलगा क्राल्येवोला, दुसरा ऑस्ट्रियात. हिवाळ्यात बर्फ पडलं की रस्ता बंद, मग आठ-आठ दिवस माणूस दिसत नाही. हे सांगताना तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मला मात्र सहन होईना. ज्या आडबाजूच्या ओढीनं सावा इथे आला, तीच आज या म्हातारीला एकटं पाडते आहे.

वर गेले, लंगडत. कड्याला चिकटून मजल्यावर मजला उभा आहे, आत संत जॉर्जचं एवढंसं देऊळ, खडकातून झिरपणारं पाणी. ओंजळभर प्याले. मागायला काहीच सुचलं नाही. आजीचं नाव घेतलं.

दुसऱ्या दिवशी स्तुदेनित्साचं अंगण गर्दीनं भरलेलं. प्रार्थना संपत आली तेव्हा कुणीतरी मागून माझी बाही ओढली. ती होती, कुणाच्या तरी गाडीतून खाली आलेली. नमस्कार नाही, चौकशी नाही. पायाकडे बोट दाखवून ओरडलीच, "मोजे कशाला घातलेस? वारा लागू दे त्याला!"

भर अंगणात तिनं माझा मोजा काढायला लावला.