जमीन सोसायटीच्या नावावर करताना

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीत फ्लॅट प्रत्येकाच्या मालकीचे, पण खालची जमीन कागदोपत्री मूळ मालकाचीच होती. फ्लॅटविक्रीसाठीच्या १९६३ च्या मोफा कायद्याच्या नियमांप्रमाणे, करारात वेगळी मुदत नसेल तर सोसायटी नोंदल्यावर चार महिन्यांत बिल्डरने अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स), म्हणजे जमीन-इमारतीची मालकी सोसायटीच्या नावावर, करून द्यायला हवं. आमचा बिल्डर वर्षानुवर्षं 'बघू, करू' म्हणत राहिला. पुनर्विकासाची बोलणी निघाली आणि सगळे जागे झाले. जमीनच आपली नाही तर वाढीव एफएसआय, म्हणजे तिच्यावर जास्तीचं बांधकाम करायचा हक्क, कुणाचा?

बिल्डर सही करत नसेल, तर २००८ च्या दुरुस्तीपासून डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे त्याच्या सहीशिवाय सरकारी आदेशाने होणारं अभिहस्तांतरण, मागता येतं. सर्वसाधारण सभेत ठराव केला, वकिलांमार्फत नोटीस दिली आणि जिल्हा उपनिबंधकांकडे प्रपत्र ७ मध्ये अर्ज केला. बिल्डरकडून चिठोरंही मिळणार नाही हे धरूनच चाललो होतो. मंजूर नकाशा माहिती अधिकारात मिळवला, मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) नगर भूमापन कार्यालयातून. चिकाटी लागली ती सभासदांचे करारनामे जमवायला. एका काकूंचा मूळ करार गृहकर्जापोटी बँकेत अडकलेला. त्याची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधकांकडून काढली.

खरी लढाई क्षेत्रफळाची. आमच्या लेआउटमध्ये तीन इमारती, आतला रस्ता आणि मागे मोकळी जागा आहे. सुनावणीत समोरच्या वकिलांनी मांडलं, की सोसायटीला जोत्याएवढीच, म्हणजे इमारत उभी आहे तेवढीच, जमीन द्यावी. तसं झालं असतं तर मागची जागा बिल्डरला मोकळी राहिली असती, आणि तिथे उद्या चौथी इमारत! आमच्या आर्किटेक्टने मंजूर नकाशावरून तिन्ही इमारतींच्या बांधकामाच्या प्रमाणात आमचा हिस्सा काढून दाखला दिला. रस्ता आणि मोकळ्या जागेतला अविभक्त हिस्साही त्यात धरला. आदेश त्याच हिशेबाने झाला. माझं आग्रहाचं सांगणं आहे: अर्ज करण्याआधी हा दाखला हातात ठेवा. आदेशात क्षेत्र कमी लागलं, तर ते वाढवून घेणं फार जड जातं.

आदेशानंतरही काम उरतंच. अभिहस्तांतरणाच्या दस्ताच्या मसुद्याचं मुद्रांक कार्यालयात अभिनिर्णय (मुद्रांक शुल्क किती ते ठरवून घेणं), मग दस्तनोंदणी, मग फेरफार. मिळकत पत्रिकेवर आता सोसायटीचं नाव आहे. शेजारच्या इमारतीतल्या जोशीकाकांनीही त्यांच्या सोसायटीचा अर्ज तयार केलाय. सामायिक रस्त्याचे आकडे आमच्या आदेशाशी जुळतात ना, ते रविवारी एकत्र बसून तपासलं.