आमच्या इंग्लिश खेड्यातली ग्रामपंचायत

परवा पहिल्यांदाच इथल्या पॅरिश कौन्सिलच्या मीटिंगला जाऊन आले. म्हणजे आपली ग्रामपंचायतच की, फक्त सरपंचाची जीप नाही आणि मेंबरांना पगारही नाही, व्हिलेज हॉलमधे हीटर बंद, सगळे कोट घालूनच बसलेले. १८९४ च्या कायद्याने ही कौन्सिलं आली, पण हातात काय तर बाकडी, स्मशान, भाजी लावायचे अलॉटमेंटचे तुकडे असलं काहीबाही. घरं बांधायची परवानगी वरची कौन्सिल देते, हे नुसतं मत कळवणार, त्यामुळे गावाबाहेरच्या शेतात नवीन घरं येणार यावर पाऊण तास भांडण झालं आणि शेवटी काय, तर एक पत्र!

लाल फोनबॉक्सचं मात्र मला फार आवडलं. फोन कंपनीकडून १ पाउंडात गावाने तो घेतलाय, आत आता हार्टवालं डिफिब्रिलेटर मशीन आहे, त्याच्या नवीन पॅडसाठी केक विकून पैसे जमवायचेत (मी खारी शंकरपाळी देते म्हटलं, सगळे बघतच राहिले).

खरी काळजी पबची. मालक विकतोय म्हणे. २०११ च्या लोकॅलिझम अ‍ॅक्टमधे अशी जागा गावाच्या उपयोगाची म्हणून आधीच नोंदवलेली असेल तर विक्री सहा महिने थांबवून गावाला पैसे उभे करायला वेळ मिळतो, पण मालकाने गावालाच विकावं अशी सक्ती नाही. आणि आमच्या पबची नोंदणी केलीये का, तर कोणालाच माहीत नाही, फाइल म्हणे आधीच्या क्लार्कच्या घरी आहे 😄