रॉबिन्सन वही, नववा आठवडा: मागे सरताना मारलेला हुक

दोन महिन्यांपूर्वी ठरवलं होतं, की ‘सर्वांगपूर्ण बॉक्सर कोण’ यावर बोलण्याआधी एकाच माणसाच्या लढती नीट बघायच्या. तो माणूस म्हणजे अमेरिकन बॉक्सर शुगर रे रॉबिन्सन. रोज रात्री एक-दोन राऊंड, व्हिडिओचा वेग पाव करून, आवाज बंद. वहीत चार रकाने आखलेत: पाय, डावा हात, उजवा हात आणि ‘समोरच्याने काय केलं म्हणून’. हा चौथा रकाना मी सहज जोडला होता. आज वही चाळली तर सगळ्यात जास्त शाई तिथेच आहे.

एक अडचण आधी सांगतो. रॉबिन्सनचा खरा बहर 147 पौंडांच्या वेल्टरवेट गटातला, म्हणजे 1940च्या दशकातला, आणि त्या काळाचं चित्रण फारच थोडं उरलंय. डिसेंबर 1946 मध्ये टॉमी बेलला हरवून त्याने ते विजेतेपद घेतलं. आपण बघतो तो बहुतेक तिशी ओलांडलेला, मिडलवेटमध्ये, म्हणजे 160 पौंडांच्या गटात आलेला रॉबिन्सन. त्यामुळे मी जे लिहितोय ते उतरणीला लागलेल्या माणसाबद्दल आहे, हे ध्यानात असू द्या.

या आठवड्यात फक्त जीन फुलमर. जानेवारी 1957 मध्ये फुलमरने त्याच्याकडून मिडलवेटचं विजेतेपद हिसकावलं. डोकं खाली घालून आत घुसायचं, चिकटायचं, झोंबायचं, आणि रॉबिन्सनच्या लांब हातांना जागाच द्यायची नाही. 1 मे रोजी शिकागो स्टेडियममध्ये दोघं पुन्हा समोरासमोर आले. रॉबिन्सनचा 36वा वाढदिवस दोन दिवसांवर होता आणि फुलमरला तोवर कुणीही नॉकआउट केलेलं नव्हतं.

पाचवा राऊंड मी किती वेळा पाहिला याची मोजदाद नाही. उजवा ठोसा बरगडीकडे, लगेच आखूड डावा हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने फिरवलेला ठोसा, जबड्यावर. फुलमर आडवा, पंचांचे दहा आकडे मोजून पूर्ण. सगळे त्या हुकबद्दल बोलतात. मी मात्र चार रात्री फक्त पाय बघत होतो. फुलमर पुढे येतोय, रॉबिन्सन मागे सरतोय, आणि तरी त्याचा पवित्रा मोडत नाही. उजवा ठोसा मारताना वजन पुढच्या, म्हणजे डाव्या पायावर येतं. तिथून मागच्या पायावर परतताना कंबर ज्या दिशेने फिरते, तीच डाव्या हुकची दिशा. म्हणजे माघार आणि ठोसा ही दोन कामं नाहीतच, एकच हालचाल आहे. उरलेला जोर फुलमरने स्वतः पुढे येऊन पुरवला.

माझ्या लेखी सर्वांगपूर्णतेची कसोटी इथे आहे. जॅब, क्रॉस, हुक, अपरकट असे सगळे ठोसे येणारे पुष्कळ आहेत. पुढे जाताना जोर लावणं तर बहुतेकांना जमतं. पण मागे किंवा बाजूला जाताना, समोरच्याने लादलेल्या स्थितीतून, तितकाच जोर काढणारे फार थोडे. फेदरवेट विजेता विली पेपचे पाय अजोड होते आणि बचावात त्याला तोड नव्हती, पण एका ठोशात लढत संपवण्याची अशी धास्ती तो घालत नव्हता. हेवीवेट विजेता जॉर्ज फोरमनच्या दोन्ही हातांत हातोडे होते, पण पाय एकाच दिशेने चालायचे. रॉबिन्सनमध्ये पाय आणि ठोसा यांची फारकत होत नाही.

दुसरी नोंद परतीच्या लढतींची. जुलै 1951 मध्ये लंडनला रँडॉल्फ टर्पिनकडून हरला, दोन महिन्यांत न्यूयॉर्कमध्ये, भुवईतून रक्त गळत असताना, दहाव्या राऊंडमध्ये टर्पिनला थांबवलं. फुलमरचं वर आलंच. कार्मेन बॅसिलिओकडून सप्टेंबर 1957 मध्ये हरला, मार्च 1958 मध्ये जिंकला. पहिल्या भेटीत समोरच्याचं काय चालतं हे तो अंगावर घेऊन शिकायचा. चौथा रकाना का भरतोय ते मला इथे कळलं.

वरच्या, लाइट हेवीवेट गटातल्या जोई मॅक्झिमची लढतही याच वहीत आहे. 25 जून 1952, यांकी स्टेडियम, जीव घेणारा उकाडा. पंचांनाच दहाव्या राऊंडनंतर बदलावं लागलं. गुणांवर पुढे असलेला रॉबिन्सन तेराव्यानंतर स्टुलावरून उठलाच नाही. बघवत नाही ती लढत, पण वगळून चालणार नाही.

आता माझा सराव. गच्चीवर चिकटपट्टीची एक रेघ मारली. बॅग ढकलायची, ती परत येताना उजवा खाली, मग अर्धं पाऊल मागे घेत डावा हुक. पहिल्या दिवशी 20 पैकी 3 नीट बसले. बाकी वेळी फक्त हात फिरायचा, कंबर मागे राहायची. सरांनी एकच गोष्ट सुधारली: डावी टाच उचलून वळव आणि उजवी टाच खाली येऊ दे. आवाजच बदलला. आधी ‘फट्’ व्हायचं, आता जड, आखूड ‘धप्’ येतो आणि बॅग झोका न घेता जागीच थरथरते. काल 20 पैकी 8. दमल्यावर मात्र उजवा हात बरगडीवरून हनुवटीपाशी परत यायला उशीर करतो, आणि तेवढ्या फटीत समोरच्याचा डावा हुक सहज शिरेल.

पुढच्या आठवड्यात बॅसिलिओची दुसरी लढत, सगळे पंधरा राऊंड. त्यात उजवा हात कधी परत येतो, एवढंच मोजायचंय.