शंभरपैकी किती?

फ्रान्समधल्या बोर्दोत फिरलो, ट्राममधून भरपूर उंडारलो, त्यावर पुन्हा कधीतरी. आज सेंट एमिलियनमधल्या एका वाइनच्या दुकानाबद्दल लिहायचंय. बोर्दोहून ट्रेनने हे गाव जवळ, पण स्टेशन पार बाहेर. भर उन्हात द्राक्षमळ्यांमधून पायपीट करायची आणि वर गावात ही गर्दी!

दुकानात बहुतेक बाटल्यांच्या गळ्यात चिठ्ठी. ९२, ९४, कुठे दोन तारे. मार्क कुणी दिले, कधी दिले, पत्ताच नाही. माझं डोकंच फिरलं. काउंटरवरच्या बाईंना विचारलं, तर त्या ग्लास पुसता पुसता थांबल्याच आणि सांगू लागल्या.

शंभरपैकी मार्कांची पद्धत रूढ केली अमेरिकेच्या वाइन-समीक्षक रॉबर्ट पार्करने. त्यात मोजणीच ५० पासून. पुढे रंगाला ५, वासाला १५, चवीला २० आणि एकूण दर्जाला १०. म्हणजे निम्मे मार्क नुसत्या हजेरीचे! म्हणून तर ८५ वाल्या बाटलीकडे गिऱ्हाईक ढुंकून बघत नाही.

मग बाईंनी ह्याच गावच्या शातो पाव्ही ह्या वाइनच्या मळ्याचा किस्सा सांगितला. २००३ चा उन्हाळा भयंकर कडक होता. त्या वर्षीची वाइन अजून पिंपातच होती, तेव्हा २००४ मध्ये पार्करने तिला थेट शंभराच्या घरात नेऊन बसवलं. इंग्लंडच्या वाइन-समीक्षक जॅन्सिस रॉबिन्सन यांनी दिले २० पैकी १२! चांगलीच जुंपली. वाइन तीच, जिभा दोन. आता अशा वाइनच्या गळ्यात नुसता आकडा अडकवून काय कळणार, कप्पाळ?

त्यातल्या त्यात मला आशेत गाइड ह्या फ्रेंच वाइन-पुस्तकाची रीत पटली. बाटली झाकलेली, चाखणाऱ्याला नाव ठाऊक नाही, आणि जास्तीत जास्त तीन तारे. तेही त्या वर्षीच्या वाइनपुरते. लेबलवरचा ‘ग्रां क्रू क्लासे’ हा दर्जा मात्र मळ्याला मिळतो, आणि इथे त्याची यादी दहाएक वर्षांनी नव्याने लागते. २०२२ च्या यादीतून शेव्हाल ब्लां, ओझोन आणि आंजेलुस हे बडे मळे आपणहून बाहेर पडले.

मी बाईंच्या आवडीची, बिनचिठ्ठीची बाटली घेतली. नवऱ्याने ९४ वाली उचलली. म्हणे, “साहेबांना द्यायचीय, त्यांना आकडा लागतो.”