मागे बघणारा

२०२२ च्या जानेवारीत बातमी आली की आपल्या सेनेनं स्वीडनचं एटी-४ निवडलं, खांद्यावरून मारायचं रणगाडाविरोधी हत्यार. गोळा नळीत कारखान्यातूनच भरलेला, एकदा मारला की नळी फेकून द्यायची. चालवायला एकच जवान. पोरं खूश झाली. मला ते गोणीवालं पोरगं आठवलं.

मी आरएलचा, म्हणजे रॉकेट लाँचरचा, ८४ मिमी कार्ल गुस्ताफचा उस्ताद होतो. हे दोघांचं हत्यार. नंबर एक नेम धरतो. नंबर दोन मागून गोळा सरकवतो, व्हेंचुरी, म्हणजे नळीचं मागचं तोंड, फिरवून बंद करतो, वळून मागे बघतो, "पीछे साफ" ओरडतो आणि नंबर एकला थाप मारतो. खांद्याला धक्का का बसत नाही, तर काडतुसाच्या बुडाची प्लास्टिकची चकती फुटून गॅस तेवढ्याच जोरानं मागे सुटतो. पडून मारताना पायसुद्धा तिरके ठेवावे लागतात, नाहीतर भाजतात.

त्या दिवशी फायरिंग रेंजवर तिसरी जोडी बसली होती. नंबर दोन हुशार, ड्रिल तोंडपाठ. मान वळवली, "पीछे साफ" ओरडला. मीही मागे बघितलं होतं. म्हणजे मान वळवली होती. थापेसाठी त्याचा हात उचलला आणि बाभळीखाली मला निळी स्लीपर दिसली. स्लीपरमध्ये पाय.

"रुक!"

पंचवीस पावलांवर, बारा-तेरा वर्षांचं पोर, हातात सिमेंटची रिकामी गोणी. फायरिंग थांबलं की ॲल्युमिनियमचे तुकडे वेचायला पळणार. त्यात ब्लाइंड, म्हणजे न फुटलेला गोळाही असतो, पण भंगारवाला किलोवर पैसे देतो आणि त्याला कुणी धरत नाही.

"इथं कशाला बसलास रे?"

"म्होरं समदे बघत्यात. हितं कुनी बघत न्हाई."

खरंच होतं. आमचे सगळे संत्री समोर तोंड करून उभे.

रिपोर्टात 'संत्री वाढवावेत' असं आलं. नंबर दोनला पिठ्ठू लागला, म्हणजे पाठीवर ओझं घेऊन पळायची शिक्षा. मला कुणी काही विचारलं नाही. स्लीपर मळकी असती तर मला दिसली असती का, हे अजून सुटत नाही.

एटी-४ च्या सीएस प्रकारात मागे खारं पाणी सुटतं, भडका कमी होतो, खोलीतूनही मारता येतं. अक्कल लढवलीय खरी. पण त्यात नंबर दोनच नाही.

पोराला हाकललं, तर एक स्लीपर तिथंच राहिली. पुढच्या जोडीचा नंबर दोन मागे इतका वेळ बघत बसला, की नंबर एक वैतागून म्हणाला, "अबे, थाप तो मार!"