आमची वाटचाल : ‘एवढंसंच तर काम आहे’

डोंबिवलीत फॉल्स सिलिंगवाले गल्लोगल्ली आहेत. हॉलचं काम म्हणा, एका फोनवर चार जण टेप घेऊन हजर. टॉयलेटचं छत म्हणा, पॅसेजमधला माळ्याखालचा तुकडा म्हणा, की ‘बघतो, कळवतो’. पुढे फोनच उचलत नाहीत. आमचा धंदा त्या न उचललेल्या फोनांवर उभा राहिला.

मी शिकलो पीओपीवाल्यांच्या हाताखाली. नंतर जिप्सम बोर्ड, म्हणजे दोन्ही बाजूंना कागद असलेले प्लास्टरचे तक्ते, आले आणि मी एका इंटिरिअरवाल्याची कामं लेबर रेटवर, म्हणजे फक्त मजुरीवर, घेऊ लागलो. या लाईनीत हिशोब चौरस फुटाचा. दीडशे फुटांचा हॉल असला की सगळं जमून येतं. पण 4 बाय 3 च्या टॉयलेटलाही लेझर लेव्हल तीच, ड्रिल तेच, टेम्पोचं भाडं तेच, माणसं दोन आणि दिवस अख्खा. पैसे मात्र बारा फुटांचे! मग ठेकेदार काय करतो? हॉलसोबत ‘तेही करून देतो’ म्हणतो आणि सगळ्यात नवख्या पोराला आत पाठवतो. घरातल्या ज्या छतावर सर्वांत जास्त पाइप असतात, तेच छत सर्वांत वाईट बसतं, त्याचं कारण हे.

हिशोब बायको बघते. तिनेच एकदा विचारलं, “फूट कशाला मोजताय? दोन माणसांचा दिवस मोजा ना.” तेव्हापासून छोट्या कामाचा दर आम्ही नगावर सांगतो. ‘बारा फुटांचे एवढे?’ हे वाक्य अजूनही ऐकावं लागतं. कोणी चिडतं, कोणी घासाघीस करतं, काही जण दुसरीकडे जातात. जे थांबतात त्यांना दिवसभरात आत काय चालतं ते मी दाखवतो.

बोर्ड असतो 6 बाय 4 फुटांचा, साडेबारा मिमी जाड, वजन वीस किलोच्या आसपास. लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत तो उभा धरून जिन्यातून न्यायचा. आडवा धरला तर स्वतःच्याच वजनाने मध्येच तडकतो. टॉयलेटचा दरवाजा जेमतेम सव्वादोन फुटांचा, आत कमोड बसलेला, भिंतीला गीझर. शिडी उघडत नाही. आम्ही कमोडच्या दोन्ही बाजूंना पाय येतील असा बुटका घोडा बनवून घेतला आहे, त्यावर फळी टाकून उभं राहायचं.

जुन्या खोल्या गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, नसतात. एका भिंतीशी रुंदी तीन फूट, तर समोर दोन फूट अकरा. हॉलमध्ये असा फरक कॉर्निसखाली (कडेच्या नक्षीपट्टीखाली) लपतो, इथे बोर्ड वर चढतच नाही. म्हणून आधी पुठ्ठ्याचा फर्मा. पाइप कुठे, बीम कुठे, सगळं त्यावर उतरवायचं आणि बोर्ड बाहेर पॅसेजमध्ये कापायचा: पुढच्या कागदावर पात्याची रेघ, मोडायचं, मागचा कागद कापायचा. चारी बाजूंनी तीन-चार मिमी कमीच ठेवायचा. ती फट कंपाउंडने (सांधे भरायच्या लगद्याने) भरते, पण अडकलेला बोर्ड ठोकून वर सरकवला की कोपरा तुटलाच. खाली जेवढा वेळ जाईल तेवढा वर वाचतो.

फ्रेमचं गणित मोठ्या छतासारखंच आहे. भिंतीला पेरिमीटर (कडेने फिरणारी पत्र्याची पट्टी), त्याला दर दोन फुटांवर स्क्रू. सिलिंग सेक्शन (ज्यांना बोर्ड लागतो त्या पत्र्याच्या पट्ट्या) दीड फुटाच्या अंतराने, बोर्डाला 25 मिमीचे स्क्रू साधारण नऊ इंचांवर. फरक पडतो फ्रेम स्लॅबला लटकवताना. वरच्या मजल्याचा पाइप स्लॅबखालून चार इंचांवर गेलेला असतो आणि ड्रिल बिटासकट फूटभर लांब. तिरकं भोक पाडून फास्टनर (स्लॅबमध्ये रुतणारा बोल्ट) ठोकणारे असतात. आम्ही नाही ठोकत, तो धरत नाही. तीन फुटांच्या आतली रुंदी असेल तर सेक्शन दोन्हीकडच्या पेरिमीटरवर टेकवतो, अंतर कमी करतो, स्लॅबला हातच लावत नाही.

खरी कसोटी शेवटच्या तुकड्याची. सुरुवात आतल्या कोपऱ्यातून आणि शेवट दाराशी, हा नियम कधी मोडायचा नाही. बीम आणि माळ्याच्या सांदीत स्क्रूचं मशीन सरळ उभं राहत नाही. स्क्रू तिरका गेला की त्याचं डोकं कागद फाडतं, आणि कागद फाटला की तो स्क्रू नावापुरता. त्यासाठी काटकोनात वळणारा जोड मशीनला लावतो. तोही जात नसेल तर हाताने पिळायचं. शेवटच्या तुकड्याला मध्यभागी एक लांब स्क्रू अर्धा घुसवून मूठ म्हणून धरतो, खालून टेकू देतो आणि कडा पक्क्या झाल्या की तो काढून भोक भरतो. सांधा सेक्शनवर येत नसेल तर बोर्डाचीच पट्टी दोऱ्याला बांधून फटीतून वर सोडायची, दोरा ताणून ती मागे टेकवायची, मग स्क्रू. हे मालद्याच्या एका कारागिराकडून शिकलो. तो मला दादा म्हणतो, खरं तर उलटं असायला हवं.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि माणसं गावी गेली. मोठी कामं घेणं शक्यच नव्हतं. मी आणि माझा पुतण्या, दोघांत जेवढं होईल तेवढंच घेत राहिलो, म्हणजे एसीच्या कॉपर पाइपचं बॉक्सिंग (पाइप बोर्डाने झाकणं), जिन्याखालची कपाटं, मोरीचं छत. कारागीर परतल्यावरही मी हॉलकडे वळलो नाही. एव्हाना दोन-तीन इंटिरिअरवाले स्वतःच आमचा नंबर गिऱ्हाइकाला देऊ लागले होते, कारण ती बारा फुटं त्यांनाही नकोच असतात.

नाही म्हणायलाही शिकलो. वरच्या घरातून गळतंय आणि ‘काही नाही हो, तुम्ही झाकून टाका’ म्हणणारे फार. एका काकूंनी तर ‘हिरवा बोर्ड लावा ना, त्याला पाणी लागत नाही म्हणे’ असं सुचवलं. काकू, हिरवा बोर्ड ओलसर हवा सोसतो, थेंब नाही. आधी प्लंबर, मग आम्ही. आणि वरच्या मोरीचं पाणी उतरतं त्या नहाणी ट्रॅपखाली ट्रॅपडोअर (उघडता येणारं झाकण) ठेवलाच पाहिजे, कितीही वाईट दिसला तरी. ‘छत सपाट दिसू दे’ या हट्टापायी तो ठेवला नाही, तर पुढच्या गळतीला अख्खं छत फोडावं लागतं. यावर आम्ही वाद घालत नाही, काम सोडतो. एसीचं बॉक्सिंग बंद करण्यापूर्वी ड्रेन पाइपमध्ये तांब्याभर पाणी ओतून बघतो, गिऱ्हाइकासमोर.

गणपतीच्या आधीचा महिना सगळ्यात अवघड. सगळ्यांना सगळं तेव्हाच हवं असतं आणि नेमकं तेव्हाच कंपाउंड वाळत नाही. पावसाळी हवेत कंपाउंडच्या एका हातावर (थरावर) दुसरा हात मारायला एरवीपेक्षा जास्त थांबावं लागतं. घाई केली की दिवाळीत सांध्यावर रेघ उमटते. त्यामुळे आषाढ सरता सरता आम्ही नवीन तारखा देणं बंद करतो.

काम विचारायचं असेल तर फोटो पाठवा. छताचा नको, ते माप आम्ही येऊन घेतो. दरवाजाला टेप लावून एक, जिन्याच्या वळणाचा एक, आणि वरच्या घराचं टॉयलेट नेमकं डोक्यावर आहे का, तेवढं लिहा.