तीन मुलं आणि एक दोरी

दिवाळीच्या सुट्टीत कुठं जायचं हा प्रश्न आमच्याकडे नसतोच, मालवण ठरलेलं. खरी मारामारी असते ती तिथं जाऊन करायचं काय यावर, कारण मुलं तीन आणि वयं 15, 9 आणि 4. मोठ्याला स्कूबा हवं. मधली चौथीत आहे, चौथीचा इतिहास म्हणजे अख्खे शिवाजी महाराज, त्यामुळे तिला किल्ला. आणि धाकट्याला फक्त जेसीबी. जगात कुठंही न्या, रस्त्यात एक जेसीबी दिसला की त्याची ट्रिप वसूल.

आता यावर सगळे आईबाप करतात तेच आम्ही पण केलं, वाटून घेतलं. नवरा मोठ्याला घेऊन तारकर्लीला स्कूबाला आणि मी बाकीची दोन घेऊन मालवणच्या जेटीवर, म्हणजे फॅमिली ट्रिपला येऊन फॅमिली व्हॉट्सॲपवर एकमेकांचे फोटो बघतेय. त्यात मोठा पाण्याखालून अंगठा दाखवतोय आणि इकडे मी होडीत एका हाताने लाइफ जॅकेट आणि दुसऱ्या हाताने पोरगं धरून बसलेय.

सिंधुदुर्ग मात्र मधलीसाठी सोनं होतं. 1664 साली भर समुद्रात बांधायला घेतलेला किल्ला, पायात शिसं ओतलेलं म्हणतात, दरवाजा असा वळणात लपवलेला की अगदी जवळ गेल्याशिवाय कळतच नाही, चुन्यात उमटलेले महाराजांच्या हातापायाचे ठसे. हे सगळं तीच मला सांगत होती, मी नुसती हो हो करत होते. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी, यावर तर ती पाच मिनिटं गप्प उभी राहिली, जे घरी कधी होत नाही. धाकट्याने एकच प्रश्न विचारला. महाराजांकडे जेसीबी होता का? नव्हता म्हटल्यावर त्याचा किल्ल्यातला इंटरेस्ट संपला आणि उरलेला वेळ तो माझ्या कडेवर. होडीवाल्याने तासाभरात परत या म्हणून सांगितलेलं, म्हणजे मधलीला कमी आणि धाकट्याला जास्त. पैसे खर्चून अर्ध्या अर्ध्या घरालाच मजा येते याचं मला मनातून वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

आणि गंमत म्हणजे निघायच्या आदल्या आठवड्यात हीच तिघं पार्किंगमध्ये चिखलाचा किल्ला करत होती. मोठा दगड रचून बुरूज करणार, मधली अळीव पेरणार आणि कुठला मावळा कुठं उभा राहील ते ठरवणार, धाकटा माती तुडवणार. भांडली नाहीत असं नाही, पण निदान एकाच जागी भांडली. तेव्हा सुचायला हवं होतं मला, की तिघांना एकच गोष्ट आवडायची वाट बघण्यापेक्षा तिघांना वेगवेगळं काम मिळेल असं काहीतरी बघावं. सुचलं नाही. सुचलं ते तिसऱ्या दिवशी, आणि ते पण मी शोधलेलं नाही.

सकाळी किनाऱ्यावर चहा पीत होतो तर रापण ओढत होते. होडीने समुद्रात अर्धगोल जाळं टाकून ठेवलेलं असतं आणि त्याची दोन टोकं किनाऱ्यावरून दोन टोळ्या मागे मागे सरकत ओढतात, हळूहळू दोन्ही टोळ्या जवळ येतात. मोठा मोबाईल धरून रील काढत होता, तर एक आजोबा त्याला म्हणाले, "बघत काय रवलस रे, धर दोरी!" झालं. मोबाईल बापाच्या खिशात, आणि हा दोरीला. मग मधली, मग नवरा, मग मी. तासभर तरी ओढत असू, हाताची सालटी निघाली. धाकट्याला दोरी झेपेना तर एका मावशीने त्याच्या हातात टोपली दिली आणि जाळ्यातून निसटून वाळूत उडालेले मासे उचलायला लावलं, प्रत्येक मासा उचलताना आधी किंचाळायचं आणि मग उचलायचा असा त्याने नियमच केला.

शेवटी आमच्या पण हातावर वाटा ठेवला, पाच बांगडे आणि थोडे तारले. मी पैसे देऊ लागले तर मावशी चिडल्याच.

दुपारी ते बांगडे खाताना मोठा म्हणाला उद्या परत स्कूबा, मधली म्हणाली उद्या परत किल्ला. धाकटा म्हणाला, येताना कणकवलीजवळ पिवळा जेसीबी होता, तिथं जाऊ.